हे मुंबईत बोलण्यात येतं काय?

आमच्या घरमालकांइतके प्रश्न विचारणारा माणूस परमेश्वराने रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा घडवला नसावा. आणि घडवला असलाच तर त्याला कॉलेजची वाट दाखवली नसावी. आमच्या मालकांना वाट दाखवायला कुणाची गरज पडली नाही. पन्नाशी उलटल्यावर, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बसायचे बस्कर घेऊन, ते आपणहून कॉलेजात दाखल झाले.

मी तेव्हा लांज्याहून आलेला कोर्टातला कारकून. मांडवीच्या वाटेवर मालकांची मंगलोरी कौलांची वखार होती, वखारीमागे घर, आणि घराच्या पडवीला लागून माझी भाड्याची खोली. कॉलेजने त्या सुमारास नोकरीधंद्यातल्या मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग काढले होते. आम्हा कारकून-मास्तर मंडळींना पदवी हवी होती, कारण पदवीमागून बढती येते अशी आमची समजूत होती. पण पहिल्या वर्षी सगळ्यांनी ‘सामान्य शिक्षण’ नावाचा अभ्यासक्रम घेतलाच पाहिजे, अशी अट निघाली. थोडे विज्ञान, थोडे तर्कशास्त्र, थोडा जगाचा इतिहास, थोडे अर्थशास्त्र. आम्ही ते एरंडेल प्यावे तसे नाक दाबून घेत होतो. मालकांना नेमके तेच हवे होते, आणि वाटीभर हवे होते. ऐन विशीत मॅट्रिक होऊन ते कौलांत शिरले होते. कॉलेजच्या हेडक्लार्कने विचारले, “पदवी कशात घेणार?” तर मालक म्हणाले, “पदवी राहू दे तुमच्याकडे. ते थोडं थोडं सगळं आहे ना, तेवढंच द्या.”

वर्गात ते पहिल्या बाकावर बस्कर घालून बसत. हजेरीला आम्ही नुसते ‘येस सर’ म्हणायचो. मालक उठून उभे राहत आणि ‘आलोय’ म्हणत, जणू प्रोफेसर त्यांची वाट पाहत दारात उभे होते. तास संपत आला की त्यांचा हात वर जाई. प्रोफेसर बिचारे पुण्याचे, वयाने मालकांच्या निम्मे. ते डोळे मिटून म्हणत, “विचारा.” आणि मालक दर वेळी तोच प्रश्न विचारत, “गुरुजी, हे मुंबईत बोलण्यात येतं काय?” ग्रहणे कशी लागतात हे सांगून झाले तरी तोच प्रश्न, रोमन लोकांचे साम्राज्य बुडाले तरी तोच प्रश्न. वर्ग हसायचा. “येत असावं,” असे प्रोफेसर म्हणाले की मालक समाधानाने बस्कर गुंडाळायचे.

शिकलेली गोष्ट वापरल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. तर्कशास्त्राच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी मला पहाटे उठवून सांगितले, “कोर्टवाले, फणस पिकला की वास येतो. वास येतोय. म्हणजे आपला फणस पिकला.” मी अर्धवट झोपेत म्हणालो, “आप्पा, वास शेजारच्यांच्या फणसाचाही असेल.” ते तडक शेजाऱ्यांकडे गेले आणि तासाभराने पानभर गरे घेऊन परत आले. “तुमचं बरोबर, माझं चूक. खा.” चूक निघाल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी नंतर कोर्टातसुद्धा पाहिला नाही. दुसऱ्या एका दिवशी पावस गावचा एक गिऱ्हाईक कौले घ्यायला आला, तर मालकांनी त्याला वखारीच्या मधोमध उभे करून पृथ्वी केले आणि स्वतः हातात नारळ धरून चंद्र झाले. “आता जरा स्वतःभोवती फिरा.” गिऱ्हाईक फिरता फिरता म्हणाला, “शेट, माझी कौलां तेवढी आज गाडीत भरा हां, पाऊस येलो.” मालक म्हणाले, “थांबा हो, अजून अमावस्या व्हायची आहे.”

हे सगळे मी आजवर पुष्कळांना पुष्कळदा सांगितले आहे. त्यापुढचे सांगितलेले नाही.

मालकांची बायको गेल्याला तीनेक वर्षे झाली होती. एकुलता एक मुलगा मुंबईत कुठल्याशा कंपनीत साहेब होता. वर्षातून एकदा, शिमग्याला, तो बोटीने यायचा, पडवीतल्या कॅनव्हासच्या खुर्चीत बसून पेपर वाचायचा आणि ग्रामदेवतेची पालखी घरी येऊन गेली की परत जायचा. मालकांनी काही विचारले की म्हणायचा, “आप्पा, राहू द्या. तुम्हाला नाही कळायचं ते.” हे मालकांनी मला एकदाच सांगितले, तेही चुलीकडे तोंड करून, कुळथाचे पिठले ढवळता ढवळता. “तो वाईट नाय हो. माझ्याशी बोलायला त्याच्याकडे विषय नसतो. आईशी बोलायचा. ती गेली.”

मग मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला. त्यानंतर वर्गात हात वर झाला की मी हसायचा थांबलो.

संध्याकाळी वर्ग सुटून आलो की पडवीत तालीम सुरू होई. एरवी मुलाच्या त्या खुर्चीत मालक स्वतःही बसत नसत. ते मला तीत बसवायचे आणि समोर बाकावर बसून म्हणायचे, “तुम्ही मुंबईचे. बोला.” मी मुंबई एकदाच पाहिलेली, तीही मावशीच्या लग्नात मांडवातून दिसली तेवढी. मी म्हणायचो, “काय आप्पा, पाणी कसं आहे विहिरीला?” ते कपाळाला हात लावत. “अहो, मुंबईचा माणूस विहिरीचं विचारील काय? निदान नळाचं तरी विचारा.” मग मी कुठल्या तरी देशाच्या भानगडीवर बोलायचो, ते दबकत दबकत उत्तर द्यायचे, आणि उत्तर जमले की लहान मुलासारखे मांडी हलवायचे. “असं पाच मिनटं जरी चाललं,” ते म्हणत, “तरी पुष्कळ झालं.”

त्या वर्षीच्या शिमग्याला मुलगा आला. पालखी नाचून गेली, अंगणातला गुलाल तसाच होता. संध्याकाळी मुलगा खुर्चीत, मालक बाकावर, आणि मला मालकांनी मुद्दाम चहाला थांबवलेले. मुलाने पेपर खाली केला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “या अणूचं आता फार चाललंय सरकारात.” मी काही बोलायच्या आत मालकांनी पानाचे तबक पुढे ओढले. एक अख्खी सुपारी मधे ठेवली, भोवती लवंगा मांडल्या आणि सांगू लागले. मधे हे जड असतं, भोवती हे फिरतं, आणि मधली पोकळी केवढी तर इथून थेट मांडवीपर्यंत. सगळे बरोबर होते. बोलता बोलता ते एक लवंग बोटाने फिरवतही होते.

मुलाने ऐकून घेतले. मग वडिलांकडे न पाहता माझ्याकडे पाहिले, एक भुवई वर केली आणि हसत विचारले, “हे तुम्ही शिकवलंत वाटतं यांना?”

मला एवढेच म्हणायचे होते की नाही, ते स्वतः शिकलेत, वर्गात पहिल्या बाकावर असतात. पण मुंबईचा साहेब आपल्याला बरोबरीचा समजून डोळ्याने बोलतो आहे, याचे त्या वयात मला फार वाटले. मीही हसलो. “चालायचंच,” मी म्हणालो, “म्हातारपणी विरंगुळा हो.”

मालकांनी लवंगा एकेक करून उचलल्या आणि तबकात जागच्या जागी ठेवल्या. सुपारी अडकित्त्यावर धरून कातरली आणि दोघांना पान करून दिले. “हां, विरंगुळा,” ते म्हणाले. “वेळ जातो.”

परीक्षा पंधरवड्यावर आली होती. मुलगा बोटीने गेला आणि मालक वर्गात आले नाहीत. परीक्षेच्या दिवशी ते गलबतावर बसून कौले आणायला मंगळूरला निघून गेले. ‘पेपराला भिऊन समुद्रात पळालेला विद्यार्थी’ ही गोष्ट रत्नागिरीत पुढे पुष्कळ वर्षे चालली. ती रंगवून रंगवून मीच चालवली. वकिलांच्या बार रूममध्ये सांगितली, बदलीच्या प्रत्येक गावी सांगितली, माझ्या निवृत्तीच्या समारंभातही सांगितली. लोक पोट धरून हसायचे. ती खरी नाही. मालक कुठल्याच पेपराला भ्यालेले नव्हते. कॉलेजच्या परीक्षेत त्यांना कधी काही मिळवायचेच नव्हते, आणि जे मिळवायचे होते ते त्या संध्याकाळी हातचे गेले होते. मुलगा हसला ते त्यांनी सहन केले असते, त्याची त्यांना सवय होती. पण तालीम घेणारा हसला.

मंगळूरहून ते परत आले तेव्हा माझे पेपर संपले होते. संध्याकाळी पडवीत ती खुर्ची मिटून भिंतीला टेकवलेली दिसली. मी ती उघडली, तीत बसलो आणि म्हणालो, “आप्पा, मी मुंबईचा. बोला.” याहून वेगळी माफी मला मागता आली नाही.

मालक बाकावर कंदिलाची काच पुसत होते. ती पुसून झाली, बसवून झाली. खाली मिरकरवाड्याकडे होड्यांचे दिवे लागत होते, ते त्यांनी थोडा वेळ पाहिले.

“नको हो, कोर्टवाले,” ते म्हणाले. “तुम्ही आपले लांज्याचेच राहा.” मग, मला अवघड वाटू नये म्हणून असेल, किंवा त्यांनाच बोलायला कुणी हवे होते म्हणून असेल, त्यांनी विचारले, “तुमच्याकडे पाणी कसं आहे यंदा विहिरीला?”

“आहे थोडं,” मी म्हणालो.