शटर पाडलेली दुपार

परवा उडदाच्या पिठात पापडखार कालवताना तो खारट, उग्र वास नाकात शिरला आणि मी मनानं लोणारच्या खाऱ्या तळ्याकाठी पोहोचले.

तेव्हा मी सुलतानपूरला शिक्षिका होते आणि यांचं डोणगावात बियाण्यांचं दुकान होतं. ऐन पेरणीच्या दिवसांत एका शनिवारी शाळा सुटली, तर हे फाटकाशी गाडी घेऊन उभे.

"दुकान कोण पाहून राह्यलं?" मी विचारलं.

"शटर पाडलं. चाल, तुले तळं दाखवतो."

"गिऱ्हाईक परत जातील ना! रिटायर झाल्यावर जाऊ निवांत."

"बस तं खरं."

तळ्याकडे जाणारी ती उभी वाट मी रागातच उतरले. खाली सावलीत हे चपला उशाला घेऊन झोपले. भरदुपारी झोपलेला माझा नवरा मी पहिल्यांदाच पाहत होते. पाण्यावर पाखरं होती. हळूहळू माझाही राग निवला.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. आम्ही पुन्हा गेलो, पण गुडघ्यांमुळे तळं वरूनच पाहिलं. पुढे खाली उतरणं जमणार नाही म्हणूनच यांनी मला तेव्हा नेलं असावं, असं वाटून मी तसं विचारलं.

"नाई बा," हे म्हणाले. "त्या दिवशी दुकानात मनच लागत नव्हतं. मंग तुले घ्यायले आलो."