गोगलगाईंच्या लेखाचा शेवट

घरी तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी जेवायला बसली की दोन घासांत उठून पळायची, म्हणून थोरल्या बहिणीने ठेवलेलं हे नाव चाळिशी उलटली तरी चिकटून राहिलं होतं. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. नळ्या यंत्रात ठेवायच्या, झाकण लावायचं, यंत्र दहा मिनिटं गरगर फिरणार. तेवढ्यात तिचा मोबाइल बाहेर. दहा मिनिटांत जेवढं वाचून होईल तेवढं वाचायची. यंत्राने टीं टीं केलं की जुन्या नळ्या बाहेर, नव्या आत, आणि मोबाइलवरही नवा लेख. अर्धा राहिलेला पुन्हा उघडायचं तिच्या जिवावर यायचं. पुढे इतकं काही पडलेलं असताना मागे कोण वळणार?

वाचायची मात्र चौफेर. मुंग्या वाट कशी लक्षात ठेवतात, गोष्टीतलं पहिलं वाक्य कसं असावं, कॉम्प्युटरला माणसाचं बोलणं कसं कळतं. वेबसाइट बनवायलाही ती अशीच, तुकड्यातुकड्यांनी शिकली आणि तिने स्वतःचं एक पान उभं केलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, बाकी थाटमाट काही नाही. पण त्यामागची कोडची ओळन् ओळ तिने हाताने लिहिलेली. दर शुक्रवारी सात लेखांच्या लिंका आणि प्रत्येक लिंकेखाली तिची एखाददुसरी ओळ. वर्षभरात साडेतीनशे लिंका झाल्या. अनोळखी माणसं पत्रं पाठवायची, ‘एवढं सगळं वाचायला वेळ कुठून काढता?’ ती सुखावून जायची. उत्तर कधी द्यायची नाही.

तिची सगळ्यात पक्की वाचक म्हणजे ताई, तीच थोरली बहीण. ताई दर बुधवारी सकाळी रेडिओवर विज्ञानातली एक गोष्ट सांगायची. गोष्ट बहुतेक वेळा भिंगरीच्या पानावरूनच उचललेली.

एका बुधवारी लॅबमध्ये ताईचा फोन आला. आवाज भलताच शांत.

“भिंगरे, तो गोगलगाईंचा लेख तू शेवटपर्यंत वाचला होतास?”

“म्हणजे... वाचला होता की.”

“शेवटी काय होतं?”

भिंगरी आठवू लागली. लेख एका निवृत्त मोजणीदाराचा होता. घरामागच्या भिंतीवरच्या गोगलगाईंवर त्याने रंगाचे ठिपके दिले आणि नऊ वर्षं नोंदी ठेवल्या. पाऊस यायच्या आदल्या दिवशी गोगलगाई भिंतीवर चढायच्या. एकदा नाही, दोनदा नाही, जवळजवळ दर वेळी. इथवर वाचलं आणि यंत्र वाजलं. तिने पानावर लिहून टाकलं, ‘गोगलगाईंना पाऊस एक दिवस आधी कळतो. नऊ वर्षांचा पुरावा. जरूर वाचा.’

“मी आज छातीठोकपणे सांगितलं,” ताई म्हणाली. “कार्यक्रम संपायच्या आत एका आजोबांचा फोन. म्हणाले, बाई, अर्धीच गोष्ट सांगितलीत. अगं, त्या माणसाचा शेजारी पावसाचा अंदाज ऐकला की आपल्या कुंड्या उचलून भिंतीवर ठेवायचा, आयतं पाणी मिळेल म्हणून. गोगलगाई वर जायच्या त्या पानं खायला! आणि शेजारी अंदाज कशावर ऐकायचा ठाऊक आहे? रेडिओवर!”

भिंगरीला हसू फुटलं. ताई मात्र हसत नव्हती.

“तुझ्या भरवशावर बोलते मी,” एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

त्या दिवशी भिंगरीचं कशात लक्ष लागेना. नळ्या फिरत होत्या आणि ती मोबाइल हातात घेऊन नुसती उभी होती. रविवारी दुपारी तिने सगळ्या लिंका पहिल्यापासून काढल्या आणि प्रत्येकीसमोर स्वतःला विचारलं, हा लेख पूर्ण वाचला होता का? तासाभरात चार वेळा उठून ती पाणी प्यायली. साडेतीनशेंपैकी शेवटपर्यंत गेलेले निघाले एकसष्ट.

तिचा नवरा सुतार, मोजूनमापून बोलणारा. तो शेजारी बसून मटार सोलत होता.

“सगळं पुसून टाकते,” ती म्हणाली.

“का? अर्धे वाचलेत तर अर्धे वाचले असं लिही.”

“लोक हसतील.”

“हसू देत. आणि पाय हलवू नकोस, टेबल हलतंय.”

तिने कोडमध्ये एक छोटी भर घातली. पूर्ण वाचलेले लेख काळ्या अक्षरांत, बाकीचे करड्या, आणि त्यांच्यापुढे ‘अर्धाच वाचला’ असा शेरा. घाईघाईत एक कंस बंद करायचा राहिला. सोमवारी लॅबमध्ये पान उघडून बघते तर अख्खं पान करडं. शेरा सगळीकडे, थेट तिच्या स्वतःच्या ओळखीपुढेही. संध्याकाळी घरी जाईपर्यंत दुरुस्त करायची सोय नव्हती. दिवसभर ती तव्यावर बसल्यासारखी वावरली. दुपारी एका अनोळखी बाईचं पत्र आलं, ‘माझंही असंच आहे हो. बरं वाटलं.’

ताईने पुढच्या बुधवारी रेडिओवर चूक कबूल केली आणि गोष्ट कुंड्यांसकट पुन्हा सांगितली. ऐकणाऱ्यांना ही जास्त आवडली. तरी बहिणीशी नीट बोलायला तिने आणखी दोन आठवडे घेतले. बोलली तेव्हा पहिला प्रश्न हाच, “या खेपेचा कुठवर वाचलास?”

आता शुक्रवारी सात लिंका नसतात. दोन असतात, कधी एकच. एकदा तर तिने नुसतं लिहिलं, ‘या आठवड्यात काही पुरं झालं नाही.’ काही वाचक निघून गेले. ते तिला अजून लागतं.

शांत मात्र ती झालेली नाही. डोळे अजून पुढच्या ओळीवर उड्या मारतात. म्हणून संध्याकाळी ती लेख मोठ्याने वाचते, कारण जीभ डोळ्यांइतकी पळत नाही. नवरा रंधा पुसत ऐकतो आणि ऐन रंगात आलं की हात वर करतो.

“थांब. ते मघाचं परत वाच. कळलं नाही.”

ती चिडते, एकदा घड्याळाकडे बघते, आणि परत वाचते.