जपून वापरलेला डोळा

आमच्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, रफूचं दुकान चालवतात. शिवणं वेगळं आणि रफू वेगळं, हे लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला ऐकवलं होतं. फाटलेल्या कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागे ओढून भोकावर असे विणायचे, की कुठे फाटलं होतं ते मालकालाही सापडू नये. दुमडीतले धागे संपले की काम संपलं. बाहेरचा धागा घातला तर तो लगेच ओळखू येतो. त्यामुळे आयुष्यभर काटकसर त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. साबणाचा झिजलेला तुकडासुद्धा आमच्याकडे वाया जात नाही. त्यावरून आमचे खटके उडायचे, अजूनही उडतात.

त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. उजव्यावर सगळी भिस्त, आणि नेमकं त्याच डोळ्याचं बुबुळ गढूळ होत गेलं. कुणीतरी मरणोत्तर नेत्रदान केलं होतं, म्हणून नवं बुबुळ मिळालं. ऑपरेशन झालं, नजर आली आणि डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्याबरोबर बाई दुकानात जाऊन बसल्या. आम्हाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

पण पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी यंत्रातला फोटो दाखवला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी होती. "या बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी. आत शिरणारं पाणी या बाहेर काढतात, म्हणून बुबुळ स्वच्छ राहतं. ऑपरेशननंतर त्या कमी होत जातात आणि नव्या तयार होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात, तेवढंच."

आई वाकून फोटोकडे बघत राहिल्या. ओढून ओढून विरळ झालेलं कापड त्यांना कुणी समजावायला नको होतं.

तेव्हापासून त्या घरी आल्या की उजव्या डोळ्यावर रुमालाची घडी बांधायच्या. उजेड खुपत असेल असं आम्हाला वाटलं. डाव्या डोळ्याने चाचपडत वावरायच्या, दाराला धडकायच्या, आणि वर दारावरच खेकसायच्या. माझी लेक चित्र घेऊन गेली तर तिला "छान आहे हो" म्हणायच्या, न बघताच. पोरगी हिरमुसायची आणि माझं डोकं फिरायचं. आजीने नातीचं चित्र बघायला काय धाड भरली होती?

परवाच्या तपासणीला मी सोबत होते. पेशी आणखी थोड्या कमी झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं अपेक्षितच आहे. आई मात्र उसळल्या. "कमी कशा होतील? मी फक्त दुकानात वापरते हा डोळा! घरी बांधून ठेवते!"

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "बांधून? का?"

"संपू नये म्हणून."

मला आधी हसू आलं, मग उमगलं. एवढे दिवस ही बाई आमच्यात आंधळी होऊन वावरली, आणि मी मनातल्या मनात तिला माणूसघाणी म्हणत होते.

"आजी, बघण्याने पेशी संपत नाहीत," डॉक्टरीणबाई हळू बोलल्या. "डोळा चोळू नका, थेंब चुकवू नका, सकाळी धूसर दिसायला लागलं तर लगेच या. कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागेलही, खोटं सांगत नाही. पण डोळा मिटून एकही पेशी वाचत नाही."

रिक्षात आई बाहेर बघत बसल्या. मला वाटलं, पेशींचंच दुःख असेल. घरी आलो तेव्हा सासरे खिडकीशी बसले होते. आई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. ते बिचारे अवघडले.

"अगं, काय म्हणाली डॉक्टरीण?"

"शर्टाला ही पिन कसली?"

सासऱ्यांनी खिशाखाली लावलेल्या सेफ्टी पिनेवर हात ठेवला. "खिळ्याला अडकून फाटला. बरेच दिवस झाले."

"घरात रफूवाली बायको असून पिन लावून फिरता? सांगायला काय झालं होतं?"

"तू डोळा जपत होतीस ना," सासरे म्हणाले. "म्हटलं, आपल्यापायी कशाला खर्च करायचा."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आईंनी पिनेवरचा त्यांचा हात बाजूला सारला. मग हात पुढे करून म्हणाल्या, "काढा तो शर्ट."