एकोणिसावं पान

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, कुणालाच नाही. एकदा टायफॉइडमध्ये ताप डोक्यात गेला होता, तेव्हा मी काहीबाही बडबडले म्हणे. बरी झाल्यावर पहिलं काय केलं असेल? नवऱ्याला खोदून खोदून विचारलं — काय बोलले मी, नावं कुणाकुणाची घेतली? तो म्हणाला, पिंपं भरा, पिंपं भरा, एवढंच ओरडत होतीस. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे बघा, बेशुद्धीतसुद्धा मी हे दाबून धरलं.

लोक म्हणतात, काळ गेला की राग निवळतो. कुणाचा निवळत असेल तो निवळो. माझा लोणच्यासारखा आहे, मुरत जातो. ज्या माणसावर तो होता, त्याच्यावर तो आजही आहे, हे आधीच सांगून टाकते. उगाच शेवटी मी रडेन, पाया पडेन असं वाटून वाचू नका.

तर — आम्ही फुलंब्रीचे. दुष्काळाची ती वर्षं. मोसंबीची बाग होती आमची, लहानशी, ती डोळ्यांदेखत काळी पडली. वडील देवगाव रंगारीला शाळेत शिपाई, रविवारी घरी यायचे. मी रोज एस्टीनं औरंगाबादला — तेव्हा औरंगाबादच म्हणायचो — इंजिनीअरिंगला. शहर तिकडं पसरतच चाललेलं. बसच्या खिडकीतून पाहावं तर कालच्या माळावर आज सात मजले उभे, अन् त्यावर पाटी, ‘चोवीस तास पाणी’. मला ती पाटी वाचून हसू यायचं. खरं म्हणजे दात-ओठ खावेसे वाटायचे.

कॉलेजात मला एकच गोष्ट सापडली, जिच्यात मी कुणाला हार गेले नाही. कोडिंगच्या स्पर्धा. तुम्हाला ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगते. तिघांची टीम. तिघांत कॉम्प्युटर एक. पाच तास, दहा-अकरा अवघड गणितं, प्रत्येकाचा प्रोग्राम लिहून पाठवायचा. बरोबर आला की तुमच्या टेबलाला एक फुगा बांधतात — व्हय, फुगा, लहान पोरांच्या बारशाला असतो तसाच! चुकला की वीस मिनिटांचा दंड. का चुकला ते कुणी सांगत नाही. इंटरनेट नाही, पुस्तक नाही, फक्त स्वतःची पंचवीस पानांची छापील वही न्यायला परवानगी. नेहमी लागणारे प्रोग्राम त्या वहीत आधीच लिहिलेले असतात. गरज पडली की पान उघडायचं अन् डोळे मिटून टाइप करायचं.

आमच्या टीमची वही मी केली होती. दीड वर्ष लागलं. प्रत्येक पान मी शंभर गणितांवर तपासून घेतलेलं. सगळ्या लॅबमध्ये म्हणायचे, जयश्रीच्या वहीत चूक सापडली तर पार्टी देऊ. कुणालाच द्यावी लागली नाही.

टीमचा कॅप्टन अद्वैत. वकिलांचा मुलगा, बीड बायपासच्या नव्या सोसायटीत फ्लॅट. हुशार होता, नाही कशाला म्हणू? सराव त्याच्या घरी चालायचा. मी बसमधून धुळीनं माखून यायचे, तिथं तोंड धुवायचे, निघताना त्यांच्या फिल्टरवर दोन बाटल्या भरून घ्यायचे. दोनच, लिटर-लिटरच्या. एक दिवस सगळ्यांसमोर तो म्हणाला, “आला बघा टँकर. आता आमची टाकी रिकामी.” सगळे हसले. त्याची आई पण हसली, पदर तोंडाला लावून. मी पण हसले — काय करणार? त्या दिवसापासून माझं नाव टँकर पडलं. टँकर, ते लूप बघ. टँकर, चहा घेणार का?

माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. पण मी प्रोग्राम बघून द्यायचे, चहा घ्यायचे. तिथंच त्याला चार शब्द सुनावले असते तर पुढचं रामायण घडलंच नसतं, हे मला कळतं. आता कळून काय उपयोग?

मग प्रादेशिक फेरी आली, पुण्याला. अद्वैतनं सरावाचे वार ठरवले सोमवार अन् गुरुवार, दुपारी चार. नेमका तेव्हाच आमच्या गल्लीत खरा टँकर यायचा. आई एकटी. पाइप पकडायला घरात धट्टंकट्टं माणूस नसलं तर शेजारचे तुमच्या पिंपावरून पाइप उचलून नेतात, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. मी म्हटलं, मंगळवार-शुक्रवार करू या. तो म्हणाला, बघतो. अन् पुढच्या आठवड्यात लॅबच्या बोर्डावर टीमची यादी लागली. माझ्या जागी लॅबमधली सबा. माझ्याशी बोलला नाही, फोन नाही, काही नाही. बोर्डावर वाचलं मी माझं नाव नसलेलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ. पण दोन दिवसांनी हा लाटसाहेब माझ्याकडे येतो अन् म्हणतो, वहीची फायनल प्रिंट तेवढी तूच काढून आण ना, तुला मार्जिनबिर्जिन सगळं माहितीये. अन् हसतो! मी नको, माझी दीड वर्षं मात्र हवीत. गरज सरो, वैद्य मरो — पण यानं तर वैद्य मारून औषधाची पेटी मागितली.

मी म्हटलं, देते की.

आता इथं थोडं थांबते. कारण इथपर्यंत तुम्ही माझ्या बाजूनं आहात, आहात ना? मलाही इथपर्यंतची मीच आवडते. पण पुढचं सांगायलाच तर बसले.

एकोणिसावं पान. त्यावर पाइपांच्या जाळ्याचा प्रोग्राम होता. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत, मधल्या पाइपांतून, जास्तीत जास्त किती पाणी नेता येईल? असली गणितं दर स्पर्धेत एखादं तरी असतंच, वेगळे कपडे घालून येतं. त्या प्रोग्रामचा सगळा जीव एका ओळीत असतो. पाणी पुढं नेलं की परतीच्या वाटेवर तेवढंच जमा धरायचं, म्हणजे आधी चुकीच्या पाइपात गेलेलं पाणी नंतर वळवता येतं. त्या ओळीत अधिकचं चिन्ह होतं. मी ते उणे केलं.

बस. एक चिन्ह. प्रोग्राम चालतो, अडत नाही, बोंबलत नाही. गणितासोबत नमुन्याला जे छोटे आकडे देतात, त्यांवर उत्तरही बरोबर येतं. मी मुद्दाम तपासून पाहिलं — पूर्वी बरोबर असल्याचं तपासायचे तसंच, डोळ्यांत तेल घालून, चूक नीट लपली आहे ना ते तपासलं. मोठं जाळं आलं की मात्र उत्तर हमखास चुकणार, अन् का चुकलं ते पाच तासांत कुणाच्या बापाला कळणार नाही. कारण जयश्रीच्या वहीत चूक नसते.

औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात तीन प्रती काढल्या, स्पायरल बाइंडिंग केलं. वाईट वाटलं का? नाही. खोटं कशाला सांगू, मला दिवाळीसारखं वाटत होतं.

वही न्यायला अद्वैत येईल, त्याच्या हातात ठेवीन, असं मी मनात रंगवलं होतं. आली सबा. जुन्या शहरातली, किराडपुऱ्याची. टायपिंगला तिच्याइतका हात कुणाचा चालायचा नाही. पान शेजारी ठेवून ती स्क्रीनकडे न बघता टाइप करायची, अन् एक स्वल्पविराम चुकायचा नाही. म्हणूनच तर तिला घेतलं होतं. वही माझ्या हातातून घेताना ती म्हणाली, “तेरी जगा पे मैं जारी. तेरे को बुरा लगरा तो बोल, मैं उसको नक्को बोल देती.”

ती खरंच नाही म्हणाली असती. मला माहीत होतं.

अन् टाइप कोण करणार होतं, हे मला माहीत नव्हतं का? मी त्या टीममध्ये दीड वर्ष होते! कॉम्प्युटरवर कोण बसणार, चुकीचा ठपका कुणावर येणार — सगळं दिसत होतं. तेव्हा दिसलं नाही, रागाच्या भरात होते, असं म्हणायची लई सोय आहे. पण दिसलं होतं. वही तिच्या हातात होती, मी नुसतं “एकोणिसावं पान बदलून देते, थांब” म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हटलं, “जा गं, मला कशाला वाईट वाटेल.”

स्पर्धा रविवारी. कुणी किती गणितं सोडवली त्याचा तक्ता मोबाइलवर दिसतो, मिनिटामिनिटाला बदलत. आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर यायची, म्हणून मी उन्हात गच्चीवर. पहिल्या दोन तासांत आमच्या टीमचे तीन फुगे झाले. माझा जीव खालीवर. पाइपांचं गणित आलंच नसलं तर? अन् मग एका रकान्यात लाल खूण पडली. चूक, एक. थोड्या वेळानं, चूक, दोन. मी मोबाइल छातीशी धरून हसले, एकटीच. तीन. चार. मला अद्वैतचा चेहरा दिसत होता, कान लाल झालेले, केस ओढतोय. घे, म्हटलं, टँकर हवा होता ना, घे! खाली रविवारचा जादा टँकर आला. आई ओरडतेय, “अगं जये, मोबाइल ठेव की! लोक पाइप नेऊ लागले ना!” मी हलले नाही. वडील कमरेला हात लावत एकटेच पळाले, निम्मी पिंपं रिकामी राहिली. पाच. सहा. सात.

तीन फुग्यांवरच संपले ते. एक अजून मिळाला असता तर पुढच्या फेरीत जात होते.

मंगळवारी लॅबमध्ये अद्वैत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता, “सबानं टाइप करताना घाण केली. सात वेळा! वहीतलं बघून उतरवता येत नाही म्हणजे काय?” सबा खाली मान घालून बसलेली. सर म्हणाले, जाऊ दे, होतं असं. पण त्यांच्या बोलण्यातही, हिच्याकडूनच झालं, हे आलंच.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथं सुकं तसंच राहिलं, ओलं तेवढं जळलं.

तरी मला अजून एक संधी मिळाली होती. दुपारी सबा कॅन्टीनमागं मला शोधत आली. स्पर्धेत तिनं आपल्या प्रोग्रामची छापील प्रत काढून घेतली होती, ती एका हातात, वही दुसऱ्या हातात. डोळे सुजलेले. म्हणाली, “मैं एक एक अक्षर मिला के देखी. सब बराबर है. फिर गलत कैसा आया, जयश्री?” उत्तर तिच्या हातातच होतं हो! एकोणिसावं पान उघडंच होतं. तिचं बोट त्या ओळीच्या वर दोन बोटं होतं. पण माझी वही चुकेल हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तिनं स्वतःवर संशय घेतला, कॉम्प्युटरवर घेतला, माझ्यावर नाही.

अन् मी — हे लिहिताना तोंड कडू होतंय — मी ती वही तिच्या हातातून घेतली, मिटली अन् म्हणाले, “पान बरोबरच आहे गं. गणितातले आकडे आत घ्यायचा भाग वहीत नसतो, तो तुझा होता ना, तिथंच घसरली असशील. घाईत हात कच्चे पडतात.”

चिन्ह बदललं ते रागात बदललं, म्हणू या. हे कशात केलं? सबानं माझं काय वाकडं केलं होतं? तिनं मान हलवली. तिला पटलं. तिन्ही प्रती मी ‘सुधारायला’ म्हणून मागून घेतल्या अन् घरी बंबात घातल्या.

सबानं स्पर्धा सोडल्या. मग लॅबला येणं सोडलं. कॅम्पसच्या मुलाखतीत कोडिंगची फेरी आली की ती मधूनच उठून जायची. एकदा मी तिच्या शेजारच्या रांगेत होते. एकच ओळ ती पुसत होती, लिहीत होती, पुन्हा पुसत होती. बरोबर होती हो ती ओळ. पुढच्या वर्षी तिच्या जागेवर मला परत घेतलं. अद्वैतनं स्वतः येऊन विचारलं. आम्ही पाच फुगे बांधले, त्यांतला एक पाइपांच्या गणिताचा. त्या जोरावर पुण्याला नोकरी लागली. फुलंब्रीच्या घरावर आता दोन टाक्या आहेत. अद्वैत परदेशात आहे. त्याचं टक्कल पडत चाललंय ते फोटोत बघून मला बरं वाटतं. त्याच्याबद्दल मला कणभर वाईट वाटत नाही, कधी वाटणारही नाही.

तुमच्याकडून मला काही नको. बिचारी, लहान होती, दुष्काळ होता, असलं काही मनात आणू नका. दुष्काळ सबाच्या गल्लीतही होता, तिथं आठ दिवसांनी नळ यायचा.

मागच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन जालना रोडवरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. नावं लिहून घ्यायच्या खिडकीत कॉम्प्युटरपुढं सबा. मला बघून इतकी खूश झाली की खुर्चीवरून उठली. सासूबाईंचं नाव विचारलं, टाइप केलं. मग स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. पुन्हा वाचलं. फोन नंबर तीनदा मला म्हणून दाखवला. मागची रांग कुरकुरायला लागली. एक जण ओरडला, “ओ मॅडम, उरका की!” ती कावरीबावरी झाली, तरी चौथ्यांदा वाचायला लागली. मग माझ्याकडे बघून हसली अन् हळूच म्हणाली, “क्या करूँ, मेरे हाथ कच्चे हैं ना. तेरे को तो मालूम है.”

मी म्हटलं, “घे सावकाश. मला काही घाई नाही.”