चार वेळा सिरियस झालेली माय

माझी जीभ तिखट आहे. आमच्या बरकतपुऱ्यात कुणालाही विचारा, हौ म्हणूनच सांगतील. सिकंदराबादच्या फौजी कचेरीत मला नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले होते, "तिथं साहेबलोक असतात बाई, जरा बेतानं." बेतानं बोलले असते तर त्या कचेरीनं माझा पार भुगा केला असता. फौजेतून सुटून गेलेल्या जवानांचे कागद आमच्याकडे असायचे, आणि त्यातले रुसलेले जवान माझ्या टेबलावर यायचे.

रुसण्याचं कारण बहुतेक एकच असे. जवान सुटला की त्याच्या हातात डिस्चार्ज बुक येतं. नोकरीत माणूस कसा होता ते त्यात एका शब्दात लिहिलेलं असतं. एक्झेम्प्लरी, व्हेरी गुड, गुड, फेअर. फेअर हा शब्द ऐकायला गोरागोमटा वाटतो, पण फौजेत त्याचा अर्थ जेमतेम. तो शब्द बदलून हवा असेल तर अर्ज करायचा, मग त्याची फाइल तपासली जायची, मग साहेबांसमोर पेशी. तपासून टिपण लिहायचं काम माझं होतं.

पूर्वी असे अर्ज क्वचित यायचे. गावी शेती करणाऱ्याला फेअर काय आणि गुड काय, बैल थोडाच बुक वाचतो! पण ती वर्षं वेगळी होती. देशाचं दार उघडलं, उघडलं म्हणून पेपरवाले रोज ओरडत होते, आणि हैदराबादेत खरोखरच जिथं तिथं काचेची दारं लागत होती. हिमायतनगरात खाजगी बँका आल्या, कॉम्प्युटरचे क्लास आले, कोपऱ्याकोपऱ्यावर यष्टीडी फोनच्या पिवळ्या पाट्या आल्या. आणि काचेचं दार म्हटलं की बाहेर बंदूकवाला हवाच. माजी सैनिक हवा, बुकात गुड हवं, त्याखाली चालणार नाही. झालं, माझ्या टेबलावर फायलींचा डोंगर.

त्यातच एक दिवस तो आला. चाळिशीचा, पाठ ताठ, हात मात्र गोण्या उचलून फाटलेले. अफझलगंजात एका धान्याच्या आडतीवर हमाली करत होता. बोलण्यावरून नांदेडकडचा वाटला, आणि निघालाही तिकडचाच. कचेरीतले सगळे मला मॅडम म्हणायचे, हा दारातूनच म्हणाला, "अक्का, आत येऊ का?" अक्का म्हटल्यावर बाहेर कसं हाकलणार?

एका नव्या बँकेत गार्डची जागा होती. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीवाल्यानं त्याला पाहून पसंत केलं होतं, पण बुक उघडलं आणि तोंड वाकडं केलं. दिवाळीपर्यंत गुड करून आण, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो, म्हणाला. "कंबर गेली अक्का गोण्यांनी," तो म्हणाला. "बंदूक घेऊन हुबं ऱ्हायचं काम मला येतं. तेवढंच येतं."

मी फाइल मागवली. फौजेत मोठी शिक्षा झाली की तिची नोंद लाल शाईनं करतात. चार लाल नोंदी झाल्या की बहुधा घरी पाठवतात. ह्याच्या चारही नोंदी एकाच गुन्ह्याच्या होत्या. सुट्टीवर गेला आणि वेळेवर परतला नाही. आणि प्रत्येक सुट्टीच्या कागदाला एकेक तार टाचलेली. चारही तारांत तोच मजकूर. आई सिरियस, ताबडतोब निघा.

आता अशा तारा त्या काळी कुणी पाहिल्या नव्हत्या? सुट्टीसाठी निम्मी फौज आपल्या आईला आजारी पाडायची. पण चार चार वेळा, आणि वर त्याच फाइलीत घरच्या माणसांच्या रकान्यात आई हयात, तब्येत ठीक! माझं डोकं फिरलं. कागद बघितल्यावर ह्याला अहोजाहो करणं मला काही जमलं नाही.

"काय रे," मी म्हटलं, "तुझी माय दर दोन-तीन वर्षांनी मरायला टेकते आणि तू पोचलास की उठून बसते काय?"

तो अंगठ्यानं टेबलाची कड घासत राहिला.

"अर्जात काय लिहिलंयस तर 'घरगुती कारण'. कसलं कारण? साहेब हेच विचारणार. काहीतरी बोल की!"

"घरचंच होतं अक्का," एवढंच म्हणाला.

"माय कशी आहे आता?"

"चांगली हाय. शेतात जाती."

"अरे देवा! हे तिथं सांगू नकोस बाबा." मला हसूही येईना आणि रागही आवरेना. शेवटी म्हटलं, "जुनं डॉक्टरचं काही असेल तर घेऊन ये पेशीला. गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, औषधाचा कागद, काहीही. आई आजारी होती याचा काहीतरी पुरावा आण."

गणपती होऊन गेल्यावर पेशी लागली. सकाळी कचेरीत येते तर व्हरांड्यातल्या बाकावर हा बसलेला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि शेजारी नऊवारीतली एक म्हातारी. पाय वर घेऊन, फडक्यातलं गाठोडं सोडत, येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळत ऐसपैस बसलेली.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"माय हाय," तो खाली बघत म्हणाला. "कागद न्हवता अक्का. तिला सांगितलं पुरावा मागितलाय, तर म्हणली, कागद कशाला, मीच येते."

आजारपणाचा पुरावा म्हणून धडधाकट आईलाच उचलून आणणारा माणूस मी माझ्या अख्ख्या नोकरीत तेवढा एकच पाहिला. कपाळाला हात लावला. म्हातारीनं माझ्या हातावर दोन धपाटे ठेवले आणि म्हणाली, "खा बाई, वाळलीस किती! ह्या हापिसात खायला देत न्हाईत वाटतं." कचेरीत कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही हा माझा नेम. धपाटे मी उभ्याउभ्या खाल्ले. लसूण भरपूर होता.

मग त्याला चहा आणायला पिटाळून मी तिच्याजवळ बसले. "मावशी, खरं सांगा. तुम्हाला चार वेळा काय झालं होतं?"

"मला काय व्हतंय? कधी सर्दीसुदिक न्हाई."

"मग तारा?"

"तारा मीच टाकल्या की!" ती अशा ठसक्यात म्हणाली जसं काही पापड लाटले. "माझ्या लेकीला चार पोरी. जावई गेला. मामा म्हणून ह्यो एकटाच. पोरीचं लगीन ठरलं आन् मामा न्हाई, असं कसं जमंल? पोस्टमास्तरला म्हणलं, लिव्ह, माय सिरियस. त्यो म्हणला, आजी, लगीन हाय असं लिव्हतो. म्या म्हणलं, भाचीच्या लग्नाला सरकार सोडतंय व्हय?"

मी विचारलं, "आणि पोरगा? त्याला माहीत होतं?"

"पहिल्यांदा बिचारा रडतच आला." तिचा आवाज जरा उतरला. "मांडव बघून ओट्यावर बसला तो उठंनाच. मला लई बोलला. पुन्ना तार करशील तर येणार न्हाई म्हणला. पर आला. दर खेपेला आला."

माझा राग कुठं गेला ते कळलंच नाही. माझ्या लग्नात माझा मामा परभणीहून येताना गाडी चुकला होता. भटजी मुहूर्त, मुहूर्त करत राहिला आणि मी खोलीतून पाऊल बाहेर टाकलं नाही. मामा घामाघूम होऊन आला, तेव्हाच उठले. म्हणजे मला ह्या म्हातारीला शहाणपण शिकवायचा काही हक्क नव्हता. तरी मी तिला बजावलं, "मावशी, आत काय ते त्याला बोलू द्या. तुम्ही इथंच बसा. तारा मी टाकल्या हे कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही." मला वाटलं, सरकारी कामात खोटी तार म्हणजे आणखी नसतं लचांड.

आत अध्यक्ष म्हणून पहाडाकडचे एक कर्नल होते, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. शेजारी आपल्या इकडचे तेलुगू मेजर. मी फाइल वाचून दाखवली. कर्नलनी त्याला विचारलं, "चार वेळा कुठं होतास?"

"घरी, साहेब."

"का?"

"घरगुती कारण होतं, साहेब."

"कोणतं?"

तो समोर भिंतीकडे बघत सावधान उभा. कर्नलनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण तोंडातून शब्द नाही. त्याची बँक, त्याची कंबर, दिवाळी, सगळं त्या टेबलावरून घसरत चाललेलं मला दिसत होतं. कर्नलनी पेनाचं टोपण काढलं. माझ्याच्यानं राहवेना.

"सर," मी म्हटलं, "ह्याची आई बाहेर बसली आहे."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी कसंतरी होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

म्हातारी आत आली ती पदर सावरत थेट टेबलापाशी. आमच्या जुन्या निजामी मुलुखातल्या बायांना दखनी उर्दू येतेच. "सलाम साब," ती म्हणाली. "तार मैं डाली. मेरा बच्चा नै डाला. मेरी बेटी कू चार पोट्ट्यां, मामू एकीच है. क्या करती मैं?"

कर्नल 'पोट्ट्यां'पाशीच अडले असावेत. मी मध्ये पडून सांगितलं. आमच्यात मुहूर्ताच्या वेळी भटजी ओरडतो, मुलीचे मामा, मुलीला घेऊन या. तेव्हा मामा नसला तर अख्खा मांडव माना वळवून बघतो. मुलीच्या आईचं माहेर संपलं, असं धरतात. मेजर मध्येच म्हणाले, "सर, आमच्याकडे मेनमामा मुलीला टोपलीत बसवून उचलून आणतो. माझ्या बहिणीच्या वेळी मामाची कंबर धरली ती अजून सुटलेली नाही." कर्नलच्या मिशा जरा हलल्या.

मग ते त्याच्याकडे वळले. "पहिल्यांदा फसलास, ठीक आहे. नंतर तर माहीत होतं ना, तार खोटी असणार?"

तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "साहेब, तार हातात आली की वाटायचं, ह्या वेळी खरी असली तर? खोटी हाय म्हणून बराकीत बसून ऱ्हायचं, आन् खरी निघाली तर?" मग म्हणाला, "तिथं पोचल्यावर मांडव दिसायचा. पोरगी म्हणायची, मामा आला. मग सुट्टी सरली तरी लगीन लागल्याबिगर निघायचं कसं, साहेब?"

"मग हे तुझ्या कमांडिंग ऑफिसरना का सांगितलं नाहीस? शिक्षा कमी झाली असती."

"माझी माय खोटं बोलली, असं लिहून द्यायचं व्हतं का साहेब?" तो म्हणाला. "लाल शाई माझ्याच नावावर बरी."

म्हातारीला हे नवीन होतं. तिनं लेकाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मी फाइलीत डोकं घातलं. माझे डोळे भरले होते आणि ते साहेबांना दिसायला नको होते.

कर्नल खाकरून म्हणाले, "माताजी, आता बँकेत तार नाही पाठवायची."

"नै साब," ती डोळे पुसत म्हणाली. "तार काय कू? गाँव में यष्टीडी आ गया."

मेजर इतके हसले की त्यांचा चहा सांडला. कर्नलनी मात्र मला लिहायला सांगितलं, एकेक शब्द तोलून. शिक्षा योग्यच होत्या, त्या राहतील. लाल शाई पुसता येत नाही. पण हा माणूस कसा होता असं आम्हाला विचारलं आहे, आणि त्याचं उत्तर फेअर नाही.

पुढं वरून मंजुरी यायची होती. वरचे कागद कसे चालतात ते मला ठाऊक, म्हणून रोज त्या टेबलावर जाऊन मी इतकी डोकी खाल्ली की मला बघितलं की लोक जेवायची वेळ झाली म्हणून डबे उघडायचे. तो मधूनमधून गोण्या टाकून यायचा, दारातून बघायचा, माझा चेहरा बघून परत जायचा. दिवाळी तोंडावर आली आणि एकदाचं बुक आलं.

दोघं मायलेक घ्यायला आले. त्यानं सही केली, बुक दोन्ही हातांनी घेतलं, पान उघडलं. बराच वेळ त्या एका शब्दावर बोट ठेवून उभा राहिला. म्हातारीला धीर निघेना.

"काय लिव्हलंय रं?"

"चांगला," तो म्हणाला.

म्हातारीनं एकदा बुकाकडे पाहिलं, मग आमच्या त्या कचेरीकडे. रांगेनं टेबलं, छताला टेकलेले फायलींचे गठ्ठे, माना खाली घालून लिहिणारी एवढी माणसं.

"माझं लेकरू चांगलं हाय," ती मला म्हणाली, "एवढं सांगायला एवढं मोठं हापिस लागतंय व्हय बाई?"

मी तिचा हात धरून म्हटलं, "लागतं, मावशी."