शनिवारचा फोटो

मी परदेशात ज्या शहरात राहते, तिथे रविवारी सगळी दुकानं बंद असतात. याचं शनिवार पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला नवल वाटलं नाही. "मग त्यात काय," शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "आपल्याकडे रोज दुपारी असतात."

त्यामुळे तिथे सगळी कामं शनिवारी. सकाळी तळघरातल्या सामाईक मशीनमध्ये कपडे धुवायचे. ड्रायरमधून काढलेली गरम चादर थोडा वेळ खांद्यावर घेऊन नुसतं उभं राहायचं. मग बाजारातून कोथिंबिरीची एक जुडी आणि खसखस लावलेला एक पाव आणायचा. दुपारी ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं. तिथे बघण्यासारखं काही नाही. एक तळं, थोडी झाडं, हिवाळ्यात बंद असलेली एक टपरी. मी थर्मासमधला चहा पिते आणि पुढच्या ट्रामने परत येते. कुठे चाललीस, कुणाबरोबर, कधी येणार, असं कुणीही न विचारता घराबाहेर पडणं मला पुण्यात कधी जमलं नव्हतं. पण हे सुख आईला सांगण्यासारखं नव्हतं. आईला मी फोटो पाठवायचे.

पहिल्या हिवाळ्यात आई फोनवर सारखी रडायची. एकटी राहतेस, काय खातेस, आजारी पडलीस तर कोण बघेल. त्यावर उपाय म्हणून दर शनिवारी घरच्या ग्रुपवर एक फोटो. केकचा, तळ्याचा, पानं गळलेल्या झाडांचा. समोरची रिकामी खुर्ची त्यात येणार नाही एवढं मी बघायचे. बाकी काही लिहीत नव्हते. आई तो फोटो तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकायची, आत्याला पाठवायची. हळूहळू तिचं रडणं थांबलं. मला वाटलं, काम झालं.

मग बाबा जिन्यात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आमचा तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, त्यामुळे दवाखान्यातून त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं, ते आजतागायत खाली उतरलेले नाहीत. दादा-वहिनी खराडीला राहतात. ऑफिस संपवून, लहान मुलीला घेऊन, ट्रॅफिकमधून ते दर शुक्रवारी रात्री येऊ लागले आणि रविवारी रात्री परत जाऊ लागले. त्या दिवसांतही मी फोटो पाठवत होते. आईच म्हणाली होती, पाठवत जा, यांना पडल्या पडल्या दाखवायला बरं.

रजा मिळायला वेळ लागला. शेवटी मी आले, तेव्हा बॅग ओढत जिना चढताना काकू भेटल्या. "आलीस का?" त्या म्हणाल्या. "बरं केलंस. आता इथलेही फोटो काढ दोनचार." मी सवयीने हसले. त्या काय बोलल्या ते दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर कळलं.

पहिल्याच रविवारी जेवणं झाल्यावर दादाने विषय काढला. आईचे गुडघे दुखतात, तिच्याने बाबांना उठवणं होत नाही. डॉक्टर म्हणतात, वर्ष तरी लागेल.

"मी आणि ही किती दिवस धावणार?" तो म्हणाला. "तू ये परत. तुझ्या कामाच्या नोकऱ्या इथे ढिगाने आहेत."

"दिवसभरासाठी बाई ठेवता येईल," मी म्हटलं. "त्याचं मी बघते."

"बाई?" आई म्हणाली. "आणि मुलगी कशाला आहे मग?"

वहिनी ताटं उचलत होती. "अहो आई, असं काय करता? तिचे शनिवार-रविवार बुडतील ना. तिकडचा केक कोण खाणार?"

दादा हसला. आई हसली नाही.

"तसं नाहीये वहिनी."

"मग कसं आहे? आम्ही बघतो ना दर आठवड्याला. मी इथे बाबांचं भांडं धूत असते आणि फोन वाजतो. बघते तर काय, तळं." तिने ताटं परत खाली ठेवली. "दोन महिन्यांत मी माझ्या पोरीला एकदा बागेत नेलेलं नाही. तुला मजा करू नकोस असं कुणी म्हणत नाही गं. केलीस ना चांगली? आता आम्हालाही थोडी करू दे."

यात खोटं काहीच नव्हतं. ऑफिसात मी भांडू शकते, कारण तिथे इंग्रजीत भांडतात आणि ते मी शाळेपासून शिकले आहे. घरात भांडायला लागणारं मराठी मला येत नाही. मला फक्त पाहुण्यांशी बोलायचं मराठी येतं.

शिवाय सांगणार काय होते? त्या फोटोंत मी एकटीच असते, कित्येकदा शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोललेली नसते, हे सांगितलं असतं तर तिघंही एका सुरात म्हणाले असते, मग राहतेस कशाला तिथे, ये की परत. आणि ते एकटेपणच मला आवडतं, असं सांगितलं असतं तर वहिनीचंच खरं ठरलं असतं. सुखी असले तर माझं सुख पुरे झालं होतं, दुःखी असले तर तिकडे राहण्याला अर्थ नव्हता. दोन्हीकडून रस्ता शनिवार पेठेतच येत होता. मी ताटं उचलली आणि घासायला घेतली.

बाबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्यांनी सगळं ऐकलं असणार. संध्याकाळी त्यांच्या पायाचे व्यायाम करून घेताना, छताकडे बघत ते म्हणाले, "तुला तिकडे बरं वाटतं?"

"हो."

"एकटीला?"

"हो, बाबा."

त्यांनी माझ्या तळहातावर पाय रेटला, व्यायामात सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त जोरात.

"मग जा. पण हे असं तुझ्या आईसमोर बोलू नकोस. कामाचं सांग. काँट्रॅक्ट आहे, सोडता येत नाही, असं काहीतरी. कामापुढे कुणी काही बोलत नाही."

मी त्यांच्या पायाखाली उशी सरकवली. तू गेलीस तरी चालेल, असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

मी काँट्रॅक्टचं सांगितलं. दादाने लगेच मान डोलावली, "ते तर बघायलाच लागतं." आईने किती वर्षांचं आहे एवढंच विचारलं. वहिनीने मुलीच्या केसांची वेणी घालायला घेतली आणि ती इतकी घट्ट ओढली की पोरगी ओरडली. बाई मिळाली, सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी यायला ती तयार नव्हती. तिलाही घर होतं. म्हणजे वहिनीचे दोन दिवस गेले ते गेलेच.

परत आल्यापासून मी ग्रुपवर काही टाकलेलं नाही. कुणी मागितलंही नाही. परवाच्या शनिवारी मी शहराबाहेर, सफरचंदांच्या बागेत गेले होते. तिथे आपल्या हाताने फळं तोडून घेता येतात. टोपली अर्धी भरली होती आणि आईचा फोन आला. व्हिडिओ होता. मी तो कापला, गाड्या लावायच्या शेडच्या आडोशाला गेले आणि साधा फोन लावला.

"काय गं, कापलास का? बाहेर आहेस?"

"नाही, ऑफिसचं काम घेऊन बसलेय. कॅमेरा नको वाटला."

"शनिवारी पण?"

"शनिवारी पण."

"अगंबाई," आई म्हणाली. कितीतरी आठवड्यांनी तिचा आवाज मऊ झाला होता. मग फोन तोंडापासून जरा लांब धरून तिने कुणाला तरी, बहुतेक वहिनीलाच, ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "बघ, तिलाही सुट्टी नाही हो."

मी आणखी थोडा वेळ दमल्यासारखं बोलत राहिले.