शारजा तासाभरावर होतं

दुबईहून इंदूरला परत आले तेव्हा गल्लीतल्या बायका मला बघायला आल्या होत्या. सुनेने मोबाइलवर फोटो दाखवले. उंच इमारत, नाचणारं पाणी, उंटावर बसलेली नात, काचेमागचे मोठे मासे. बऱ्याच फोटोंत मी आहे, अगदी कडेला, नातवाला घेऊन. बायका म्हणाल्या, "नशीबवान आहात हो, मुलगा-सून एवढं फिरवतात." मी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेले.

मी दुबई बघायला गेलेच नव्हते. माझी मुलगी शारजाला राहते. दुबईपासून तासाभराचा रस्ता. मागच्या ऑक्टोबरात तिला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी आमच्याकडे रीत आहे, पण तिची नोकरी तिकडे, डॉक्टर तिकडे. नागपूरहून तिच्या सासूबाई गेल्या आणि त्यांनी सगळं केलं. मला जाता आलं नाही. सून शाळेत शिकवते, मुलगा ऑफिसात, नातू तीन वर्षांचा. मी गेले तर याला कोण बघणार, असं मला कोणी म्हटलं नाही. मीच मनात म्हटलं आणि गप्प बसले.

म्हणून डिसेंबरात मुलगा म्हणाला, "आई, मुलांना सुट्ट्या आहेत, आपण सगळे दुबईला जातोय, तू पण चल," तेव्हा मला दुसरं काही ऐकू आलं नाही. बाळ दोन महिन्यांचं झालं होतं. मुलाने माझ्यासमोर बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि सांगितलं, "बुधवार तुझा. सकाळी आईला घेऊन येतो, संध्याकाळपर्यंत तुझ्याकडेच. पक्का." मुलगी म्हणाली, "दादा, पक्का म्हणजे इंदूरवाला पक्का की खरा पक्का?" तो हसला. मला म्हणाला, "शारजा म्हणजे काय, आपल्या बडा गणपतीवरून राऊला गेल्यासारखं."

मी डिंकाचे लाडू केले. बाळंतिणीला आईच्या हातचे लाडू पोचले नाहीत, ही गोष्ट मला दोन महिने झोपताना टोचत होती. खारीक कुटली, खोबरं किसून भाजलं, डिंक तळला, बदाम, गोडंबी. आणि खसखस. आमच्या माळव्यात खसखस चांगली मिळते, मंदसौरची, पांढरी स्वच्छ. मी हात सैल सोडून घातली, कारण तिने अंगातली कळ जाते आणि झोप लागते. एकसष्ट लाडू झाले. स्टीलच्या डब्यात भरले, वरून कपडा बांधला आणि डबा माझ्या हातातल्या पिशवीत ठेवला. सामानात दिला नाही. फुटतील म्हणून.

विमानतळावर आमच्याच टूरमधल्या, इंदूरजवळच्या हातोदच्या एक बाई माझ्या मागे रांगेत होत्या. बोलक्या होत्या. पिशवीकडे बघून म्हणाल्या, "माताजी, क्या ले जा रही हो?"

"लड्डू. बेटी के लिए. गोंद के."

"अच्छा, जच्चा वाले. खसखस डाली?"

"हाँ, खूब," मी जरा अभिमानानेच म्हटलं.

त्यांच्या नवऱ्याने मान वळवली. माझ्याशी नाही, माझ्या मुलाशी बोलला. "भिया, खसखस मत ले जाना. उधर नशे की चीज मानते हैं. सीधे अंदर."

मुलाने फोन काढून बघितलं. त्याचा चेहरा मी बघत होते. लहानपणी परीक्षेचा पेपर हातात घेताना व्हायचा तसा झाला. मग तो माझ्याकडे वळला.

"आई, तू सांगितलं का नाही?"

"लाडू आहेत म्हणून सांगितलं होतं."

"लाडू सांगितलं. खसखस कुठे सांगितली? यार, दोन लहान मुलं आहेत बरोबर. दिमाग लावायचा ना जरा."

सून म्हणाली, "जाऊ दे, त्यांना काय माहीत." ते मला जास्त लागलं.

त्याने डबा घेतला आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी गेला. तिथे दोन होते, हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. आमच्या शहरात आता लहान मुलालासुद्धा हे येतं. तो क्षणभर तिथे उभा राहिला. मग कपडा सोडून निळ्यात टाकला आणि लाडू हिरव्यात ओतले. एकदम ओतले नाहीत, तळाला चिकटलेले बोटांनी काढले. रिकामा डबा मला आणून दिला. "हा घे, डबा चांगला आहे." मी तो पिशवीत ठेवला. त्याला तुपाचा वास येत होता, आणि आत कुठेतरी खसखशीचे कण असतील म्हणून त्याने परत मागून घेतला आणि तोही टाकून आला. या वेळी निळ्यात.

चूक माझीच होती. मी ते तेव्हाही मानलं होतं. पण ती चूक पाच दिवस आमच्याबरोबर फिरली. टूरच्या बसमध्ये सगळी इंदूर-उज्जैनची मंडळी. मुलाने हा किस्सा पहिल्याच दिवशी सांगितला, मोठ्याने, हातवारे करून. तो वाईट मनाने सांगत नव्हता. त्याला किस्से सांगायला आवडतात. मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "भिया, माताजी के पास मत बैठना, माल लेके चलती हैं." सगळे हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले. त्यानंतर रोज सकाळी बसमध्ये चढले की कोणीतरी म्हणायचं, "माताजी, आज क्या लाई हो?" नातीने विचारलं, "आजी, तुला जेलमध्ये टाकणार होते का?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग आम्ही आलो असतो तुला भेटायला."

मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या हसण्यानंतर माझ्या तोंडून काही मागणं निघेना. आधीच मी कमी बोलणारी. त्यात सगळ्यांची सहल माझ्यामुळे बुडता बुडता वाचली होती. आता मी काय मागणार होते?

सोमवारी मासे बघितले, मंगळवारी वाळवंट. नातू सारखा माझ्याच कडेवर. सुनेची सुट्टी होती ना, तिलाही वर्षातून एकदाच मोकळं मिळतं, हे मला कळतं. मी त्याला भरवलं, त्याचे कपडे बदलले, तो झोपला की त्याच्याजवळ बसले. मंगळवारी गाडी वाळूत वरखाली हेलकावत होती, तेव्हा मी डोळे मिटून बुधवार मोजत होते. एक झोप, मग बुधवार.

बुधवारी सकाळी नातवाला उलटी झाली. एकदाच. ताप नव्हता. मी तयार झाले होते, हिरवी साडी नेसले होते. मुलगा बूट घालत होता. नात पाण्याच्या बागेत जायचं म्हणून नाचत होती. त्या बागेची तिकिटं शुक्रवारची होती, ती टूरवाल्याने बुधवारवर आणली होती, कारण शुक्रवारी परतीचं विमान सकाळचं झालं होतं. हे सगळं रात्रीच ठरलं असावं. मला तेव्हा कळलं.

मुलगा म्हणाला, "आई, याला पाण्यात नेता येणार नाही. तू थांबतेस का याच्यापाशी? शारजा उद्या करू."

मी "बरं" म्हटलं.

एवढंच घडलं. मी हे मनात कितीदा परत फिरवून बघितलं आहे. त्याने विचारलं होतं. हुकूम केला नव्हता. मी म्हणू शकले असते, नाही रे, आज तिचा दिवस आहे, मला गाडी करून दे, मी याला घेऊन शारजाला जाते. तो झोपला असता तिच्या घरी. मुलगा कदाचित म्हणाला असता, हो, चल. पण त्याच्या लक्षात यायला नको होतं का? बहिणीला पक्का म्हणणारा तो. आई हिरवी साडी नेसून उभी आहे, हे त्याला दिसत नव्हतं का?

खोलीची खिडकी उघडत नव्हती. खाली रस्ता दिसायचा, पण आवाज यायचा नाही. नातू अर्ध्या तासात बरा झाला आणि पलंगावर उड्या मारायला लागला. मी मुलीला फोन लावला, लागला नाही. माझ्या फोनमधलं इथलं सिम तिकडे चालत नाही, हॉटेलच्या नेटवर फक्त लिहिलेलं जातं, हे मला मागून कळलं. शेवटी लिहून पाठवलं, "आज जमत नाही. उद्या येऊ." तिचं उत्तर बऱ्याच वेळाने आलं. "आई, ह्यांनी आज सुट्टी घेतली होती. उद्या नाही मिळणार. बरं." त्या "बरं"कडे मी पुष्कळ वेळ बघत बसले. नातू म्हणाला, "आजी, माझा घोडा हो." मी घोडा झाले.

गुरुवारी शारजाला गेलो नाही. खरेदी राहिली होती. मुलाने बहिणीला फोन करून मॉलमध्येच बोलावलं. म्हणाला, "इथून शारजाला जायचं-यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये दिवस जातो. ती इथेच येते, टॅक्सीने." दोन महिन्यांचं बाळ घेऊन ती टॅक्सीने आली. खाण्याच्या दुकानांपुढे टेबलं मांडलेली असतात तिथे आम्ही बसलो. इतका गोंगाट होता की बाळ झोपेतून दचकत होतं.

मुलगी वाळली होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली, "लाडू आणलेस?"

मुलगा लगेच म्हणाला, "अगं, तो किस्सा ऐक," आणि त्याने सांगायला सुरुवात केली. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एकही नाही का राहिला, आई?"

मी बाळाला घेतलं. हलकं होतं, पिशवीत काही नसावं तसं. बाळाला पहिल्यांदा बघताना हातावर काहीतरी ठेवतात. माझ्याकडे तिथलं नाणंसुद्धा नव्हतं. बटव्यात आपली शंभराची नोट होती, ती त्याच्या मुठीत दिली. मुलगी म्हणाली, "ठेवते हं मी, जपून." तेवढ्यात नातू माझ्या मांडीवर चढायला लागला. "माझी आजी आहे. त्याला खाली ठेव." त्याने बाळाचा पाय ओढला. सून रांगेत होती, मुलगा फोनवर. मी बाळ मुलीला परत दिलं आणि नातवाला घेतलं. तो सुटून पळाला, सरकत्या जिन्याकडे. मी साडी सावरत त्याच्या मागे धावले. परत आले तर मुलगी बाळाला झबलं घालत होती. तिची टॅक्सी आली होती. ती आल्यापासून अर्धा तासही झाला नव्हता.

ती माझ्या पाया पडली. बाळाला धरून नीट वाकता येईना, तरी पडली. आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, तू माझ्यासाठी आलीस."

इंदूरला आल्यावर चौथ्या दिवशी तिचा फोन आला. दुपारची वेळ, घरात मी आणि झोपलेला नातू. तिने विचारलं, "आई, खरं सांग. बुधवारी तू दादाला म्हणालीस का, मला तिच्याकडे सोड म्हणून? एकदा तरी?"

मी म्हटलं, "म्हणाले. दोनदा म्हणाले. त्याने ऐकलं नाही."

का म्हटलं, हे मला आजही सांगता येत नाही. तिच्या आवाजात काहीतरी होतं. म्हणाले नाही असं मी सांगितलं असतं, तर माझा हात तिच्या हातातून कायमचा सुटला असता, असं त्या क्षणी वाटलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. दादा असाच आहे." आणि मग ती मोकळी होऊन रडली, माझ्याजवळ रडावं तशी. मला बरं वाटलं. हे मी लिहायला नको होतं, पण वाटलं.

त्याला आता आठ महिने झाले. तिने दादाला फोन करणं सोडलं. आधी तो म्हणाला, बिझी असेल. मग म्हणाला, काही लागलं असेल तिला, मॉलमध्ये बोलावलं म्हणून. नंतर म्हणेनासा झाला. माझ्याशी ती रोज बोलते. बाळ आता धरून उभं राहायला लागलं आहे. पालथं पडलं, बसलं, दात आला, सगळं मला पहिल्यांदा दाखवते. मुलगा शेजारच्या खोलीत असला की मी आवाज बारीक करते.

या वर्षी तिची राखी आली नाही. दरवर्षी आठ दिवस आधी येते, आत दादासाठी एक चिठ्ठी असते, त्याला चिडवलेलं असतं. नातीने भावाला राखी बांधली, पेढा भरवला. मुलगा पाटावर बसायचा तो बसलाच नाही. दुपारी स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून म्हणाला, "आई, तुझ्याशी बोलते ना ती. मी काय केलं, विचार ना तिला एकदा."

मी पोळी उलटली. म्हटलं, "पोस्टात अडकली असेल राखी."

तो दारापर्यंत जाऊन वळला. मग म्हणाला, "तू बुधवारी मला एका शब्दाने म्हणाली असतीस ना, आई, मी नेलं असतं तुला. खरंच नेलं असतं." आणि गेला.

त्याने नेलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण तो मनात तेच धरून बसला आहे, आणि ती दुसरंच. दोघांच्या मध्ये माझा एक शब्द आहे. तो मी म्हणायचा तेव्हा म्हटला नाही, आणि म्हणायचा नव्हता तेव्हा म्हटला. तिला मी अजून विचारलेलं नाही. विचारायचं तर आधी खरं सांगावं लागेल, आणि रोज दुपारी फोन वाजतो, बाळ हसतं, आणि मी दुसरंच काहीतरी बोलते.